हवेचा हिशेब शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

दाबलेल्या हवेवर चालणारं नवीन पॅकिंग मशीन लावायचं म्हणजे ती हवा पुरवणारा मोठा कॉम्प्रेसर हवाच, असं भोसरीत आम्हाला जो तो सांगत होता. कोटेशनही येऊन पडली होती. तुम्ही मात्र आल्या आल्या मशीनच्या सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) आणि स्ट्रोक (रॉड, म्हणजे दांडा, सरकतो ते अंतर) विचारलात.

जॉबकार्डच्या पाठीवर तुम्ही केलेली आकडेमोड मी जपून ठेवली आहे. 50 मिमी बोअर, 100 मिमी स्ट्रोक, 20 मिमी रॉड. पुढे जाताना सिलिंडरमध्ये 0.196 लिटर जागा भरते, मागे येताना रॉड वजा जाऊन 0.165. गेजवर 6 बार दाब, त्यात बाहेरच्या हवेचा 1 बार धरला की मोकळी, म्हणजे न दाबलेली, हवा जवळपास सातपट लागणार. एका सायकलला अडीच लिटर, मिनिटाला 20 सायकल, म्हणजे 50 लिटर. असे तीन सिलिंडर.

हिशेब इथेच संपला असं आम्हाला वाटलं, तेव्हा तुम्ही ट्यूबवर बोट ठेवलंत. हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हपासून प्रत्येक सिलिंडरपर्यंत आतून 6 मिमीच्या, दोन-दोन मीटर लांब दोन ट्यूब. त्या दर सायकलला भरतात आणि काहीही काम न करता मफलरमधून रिकाम्या होतात. तेवढ्यानेच खप पाव हिश्श्याहून जास्त वाढतो! एकूण मिनिटाला 190 लिटर, म्हणजे पावणेसात सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास.

आणि मग सुट्टीच्या दिवशी, सगळी मशिनं बंद असताना, तुम्ही आमचा जुना 40 सीएफएमचा कॉम्प्रेसर चालू करायला लावलात. दोन मिनिटं लोड (हवा भरणं), सहा मिनिटं अनलोड (हवा न भरता नुसतं फिरणं). पुन्हा तेच, पुन्हा तेच. आठातली दोन मिनिटं, म्हणजे 10 सीएफएम नुसती गळती. नव्या मशीनला लागते त्याहून जास्त हवा रोज वाया जात होती, आणि वीजबिल आम्ही भरत होतो. साबणाचं पाणी घेऊन तुम्ही स्वतः पोरांबरोबर फिटिंगं तपासत फिरलात. एफआरएलच्या (हवा गाळून, दाब नेमून, तेल देणाऱ्या युनिटच्या) बाउलखाली फुगे आले तेव्हा आमच्या हेल्परला जवळ बोलावून दाखवलंत, हे मला फार मोलाचं वाटतं. आता दर महिन्याला ही तपासणी तोच करतो.

गळती काढली आणि नवीन मशीन जुन्याच कॉम्प्रेसरवर चाललं. फीचा विषय तुम्ही काढूच दिला नाहीत, म्हणून निदान चार लोकांसमोर आभार मानतोय. पुढच्या मशीनच्या ड्रॉइंगमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरला लागूनच घेतले आहेत. ट्रायलला नक्की या.

आपला कृतज्ञ,
भोसरीतला एक मशीनवाला