आधी पाणी पाळा, मासे नंतर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरी खाऱ्या पाण्याची प्रवाळटाकी मांडण्याची हौस वाढते आहे आणि तिच्यासोबत एक चुकीची रीतही रुळते आहे. टाकी, वाळू, मीठ, मासे, कोरल म्हणजे जिवंत प्रवाळ असे सगळे एकाच दिवशी, एकाच फेरीत घरी येते. पंधरा दिवसांत मासे तळाशी पडतात, कोरल विरघळू लागतात आणि घरच्यांचा समज होतो की समुद्र घरात नांदतच नाही. तो नांदतो. पहिले चार ते सहा आठवडे टाकीत एकही मासा नसावा, हे छापील अक्षरांत लोकांसमोर यावे म्हणून हे पत्र.

माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट. टाकीतल्या खडकाच्या छिद्राछिद्रांत या जिवाणूंची वस्ती जमायला तेवढे आठवडे लागतातच. गोड्या पाण्यात हात बसलेल्यांची नेमकी इथे फसगत होते. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी हिस्सा ७ पीएचच्या पाण्यापेक्षा सुमारे दहापट असतो. तिकडे मासा ज्यात तगला असता, तेवढ्याच अमोनियाने इकडे जातो. म्हणून जिवाणू वाढवायला मासा सोडणे ही क्रूरता आहे, आणि तिची गरजही नाही. अमोनियम क्लोराइडचे द्रावण घालून अमोनिया २ पीपीएमवर (दशलक्ष भागांत २ भाग) आणावा, बाटलीतले जिवाणू सोडावेत, दिवे बंद ठेवावेत आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासायच्या किटने मोजावे. पुन्हा २ पीपीएम घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार झाली. मग साठलेले नायट्रेट उतरवायला एकदा बरेचसे पाणी बदलावे.

पाणी आरओ-डीआयचेच हवे, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेले, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दाखवणारे. नळाच्या पाण्यात फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी तांबेही असते. पिण्याच्या आरओ यंत्रात चवीसाठी बहुधा क्षार परत मिसळलेले असतात, तेही चालत नाही. मीठ रीफ म्हणजे प्रवाळटाकीसाठीचेच घ्यावे. खायच्या मिठात कोरलला लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसते. २० लिटर पाण्याला साधारण पाऊण किलो मीठ पडते. बादलीत आधी पाणी घ्यावे, पंप फिरता ठेवावा आणि मूठमूठ मीठ सोडावे. मिठावर पाणी ओतले की कॅल्शियम कार्बोनेट साकळते, बादली दुधासारखी होते आणि तळाला बसलेला पांढरा थर नंतर कितीही ढवळला तरी विरघळत नाही. क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५) हवी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ जवळ चुकीचे दाखवू शकतो.

टाकी फार लहान नको. २०० लिटरच्या आसपासची टाकी नवख्याच्या चुका पोटात घालते, ४० लिटरची घालत नाही. मात्र वाळू, खडक आणि काच धरून तिचे वजन अडीचशे किलोच्या वर जाते. स्टँड तेवढ्या भाराचा आणि लेव्हलमध्ये हवा.

सर्वांत जास्त गोंधळ उडालेल्या पाण्याचा. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. २०० लिटरमधले १० लिटर उडाले की ३५ ची क्षारता जवळपास ३७ वर जाते. भर नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याची घालावी, खारे पाणी फक्त पाणी बदलताना. तापमान २५ ते २६ अंश ठेवावे. गार करायला टाकीवर पंखा लावला तर पाणी आणखी वेगाने उडते, तेव्हा आपोआप भर घालणारा एटीओ आधी बसवावा.

मासे नसतानाही टाकी रंग बदलत राहते. प्रथम काच आणि वाळूवर तपकिरी भुकटी धरते. ते डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल असते आणि ते सिलिकेट संपले की जातात. मग हिरवे शेवाळ येते. इथे घाबरून नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणू नये. अशा उपाशी टाकीत डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव माजतात. वाळूवर शेंबडासारखे तपकिरी धागे दिसतात, त्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे. ते हटवणे शेवाळापेक्षा कितीतरी कठीण. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्यावे.

पहिले कोरल मऊ जातीचे घ्यावे, मशरूम किंवा लेदर. अल्कॅलिनिटी (पाण्याची पीएच टिकवून धरण्याची ताकद, ती डीकेएच या एककात मोजतात) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास. दगडी सांगाड्याचे कोरल येईपर्यंत आठवड्याला १० टक्के पाणी बदलले तरी हे पुरते. नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण तेजाने लावू नये. कोरलच्या पेशींत राहणारे शैवाल होरपळून बाहेर पडते आणि कोरल पांढरे होते.

मासा सोडताना टाकीत जन्मलेली क्लाउनफिशची जोडी निवडावी. मँडरिन मासा सुंदर दिसतो, पण तो दिवसभर कोपेपॉड नावाचे इवले कवचधारी जीव टिपत जगतो, आणि कोवळ्या टाकीत ते नसतात. तो उपासमारीने मरतो. प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवावा. क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला तर तिथे तांब्याचे औषध घालता येत नाही, कारण त्याने कोरल आणि गोगलगायी मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी माशांविना ठेवावी लागते, अनुभवी लोक ७६ दिवस धरतात.

एक धोका माणसांना आहे. झोआंथिड आणि पॅलिथोआ हे बटणाएवढे, झालरीच्या तोंडाचे कोरल दिसायला गोजिरे, पण त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. हे कोरल काढायला खडक कधीही उकळू नये, गरम पाणी ओतू नये, ब्रशने घासू नये. वाफेतून हे विष श्वासात जाते आणि एका खडकामुळे घरातली सगळी माणसे रुग्णालयात गेल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. विक्रेत्यांनी कोरल देताना हे तोंडी सांगावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. दगडी कोरल साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात येतात, तेव्हा पावती मागावी आणि किनाऱ्यावरून काहीही उचलून आणू नये.

शेवटी विजेचे. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत जात नाही, आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असावा. मासे सोडण्याआधी एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून बघावा. पंप थांबला की वरचे पाणी पाइपमधून उलटे संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीत, उतरते. ते काठाच्या आत थांबले, तर पंप चालू असतानाच्या पातळीवर मार्करने रेघ मारावी आणि संप त्या रेघेच्या वर कधी भरू नये.

आपले,
प्रवाळटाकी सांभाळणारे काही वाचक