गृहभेटीची तारीख मिळालेल्या सभासदांसाठी

सर्वांना नमस्कार,

मूल दत्तक घेण्यासाठी कारिंग्ज या सरकारी पोर्टलवर नोंदणी झालेल्या काही जोडप्यांकडे या महिन्यात सामाजिक कार्यकर्त्या गृहभेटीला येणार आहेत. अपलोड केलेल्या सगळ्या कागदपत्रांच्या मूळ प्रती एका फायलीत लावून ठेवा : पॅन, जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र, उत्पन्नाचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, वैद्यकीय दाखला, ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं.

घराला नवा रंग देऊ नका, खरंच गरज नाही. वन रूम किचन असलं तरी चालतं. बाळ कुठे झोपेल आणि तुम्ही कामावर गेल्यावर त्याच्याजवळ कोण असेल, एवढं सांगता आलं पाहिजे. गॅलरीला जाळी नसेल तर मात्र बसवून घ्या.

खरी तयारी बोलण्याची. नवरा-बायकोशी वेगवेगळं बोलतात, घरातल्या मोठ्यांशीही. आमच्या वेळी सासूबाईंना विचारलं, "नातवंड दत्तक आहे हे नातेवाइकांना सांगाल?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सांगेन, पण आधी त्यालाच सांगू." हे आम्ही घरी आधी बोललो होतो म्हणूनच त्यांना सुचलं. तुम्हीही आजच बोलून घ्या. मूल होण्यासाठीचे उपचार फसल्याचं दुःख, जुनं आजारपण, कर्ज, काहीही लपवू नका. पाठ केलेली उत्तरं लगेच कळतात.

गृहभेटीचा अहवाल मंजूर झाला की तीन वर्षं ग्राह्य राहतो. मध्ये घर किंवा नोकरी बदलली तर गृहभेट घेणाऱ्या दत्तक संस्थेला कळवा.

भेटीच्या आदल्या दिवशी धाकधूक झाली तर रात्री कितीही वाजता फोन करा.