ला साल केवळ दानशूर नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षणकार्याला वाहून घेतलेल्या ख्रिस्ती संतांवरील लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख वाचनीय आहे. मात्र ज्याँ-बातिस्त द ला साल यांच्या वाट्याला त्यात जेमतेम दोन ओळी आल्या असून, संपत्ती गोरगरिबांना वाटून टाकणारे दानशूर धर्मगुरू एवढीच त्यांची ओळख करून देण्यात आली आहे. ही ओळख चुकीची नाही, पण संपत्ती वाटण्याची वेळ त्यांच्यावर का आली, हे सांगितल्यावाचून ती अपुरी राहते, म्हणून हे पत्र.

फ्रान्समधील रँस येथे १६५१ मध्ये एका सधन घराण्यात जन्मलेल्या ला साल यांना १६६७ मध्ये, म्हणजे मिसरूडही फुटले नसेल अशा वयात, तेथील कथीड्रलच्या (मुख्य चर्चच्या) कॅननचे, म्हणजे तेथील धर्ममंडळाच्या सदस्याचे, मानाचे आणि उत्पन्नाचे पद मिळाले होते. १६७९ मध्ये आद्रियाँ निएल हे गृहस्थ गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढण्यासाठी रँसला आले, तेव्हा ला साल यांनी त्यांना हात दिला, तो केवळ ओळखीपाळखीचा माणूस म्हणून. शाळा निघाल्या, पण शिक्षक कसे होते? स्वतःच जेमतेम शिकलेले, तुटपुंज्या पैशांवर राबणारे आणि दुसरे काही मिळेपर्यंत दिवस ढकलणारे. ला साल यांनी त्यांना आधी जेवायला आणि नंतर राहायलाच घरी आणले, तेव्हा नातेवाइकांनी आकाशपाताळ एक केले. पुढे ला साल यांनीच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे की, सुरुवातीला ते या शिक्षकांना आपल्या घरच्या नोकरापेक्षाही खालचे समजत आणि आपल्याला त्यांच्यासोबत राहावे लागेल ही कल्पनाच त्यांना असह्य झाली असती. संताच्या लेखणीतून आलेली ही कबुली मला त्यांच्या कोणत्याही पुण्यकर्मापेक्षा मोलाची वाटते.

उद्याची चिंता करू नका, ईश्वर पाहून घेईल, असा उपदेश ते या शिक्षकांना करीत. त्यावर शिक्षकांनी त्यांना रोखठोक सुनावले की, तुमच्याकडे वडिलोपार्जित इस्टेट आहे, कॅननपदाचे उत्पन्न आहे. शाळा बुडाल्या तर रस्त्यावर येऊ ते आम्ही. हा टोला वर्मी लागला. १६८३ मध्ये ला साल यांनी कॅननपद सोडले आणि त्यानंतरच्या दुष्काळात आपली संपत्ती भाकरीच्या रूपाने भुकेल्यांना वाटून टाकली. तोच पैसा शाळांच्या नावे ठेवणे व्यवहाराला धरून झाले असते, यात शंका नाही; पण शिक्षकांसमोर पुन्हा तोंड उघडायचे, तर त्यांच्याइतकेच निर्धन होणे त्यांना भाग वाटले.

लेखात अजिबात न आलेला दुसरा मुद्दा भाषेचा. त्या काळी मुले वाचायला शिकत ती लॅटिनमधून. कारागिराचा मुलगा दोन-तीन वर्षांत शाळा सोडून कामाला लागे, आणि तोवर न समजणाऱ्या लॅटिनची अक्षरे जुळवण्यातच त्याचा वेळ जाई. स्वतःच्या भाषेतले वाचन राहूनच जाई. ला साल यांनी हा क्रम उलटवून फ्रेंच वाचन आधी ठेवले. शार्त्रच्या बिशपांनी याला हरकत घेतली, तेव्हा ला साल यांनी केलेला युक्तिवाद अगदी साधा होता: फ्रेंच लवकर येते, उपयोगी पडते, आणि फ्रेंच वाचता येणाऱ्याला लॅटिन वाचणे सोपे जाते.

त्यांच्या शाळांची कार्यपद्धती सांगणारा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १७२० मध्ये छापला गेला. मी स्वतः अनेक वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवले असल्याने, त्यातील बारकावे वाचताना मी थक्क झालो. बोटे आखडणाऱ्या नवशिक्याच्या हाती लेखणीऐवजी आधी तेवढ्याच जाडीची काडी द्यावी, असे त्यात सांगितले आहे. सकाळची न्याहारी मुलांनी वर्गातच करावी, ज्याच्याकडे भाकरी जास्त असेल त्याने ती टोपलीत टाकावी आणि नेमलेल्या विद्यार्थ्याने ती गरीब मुलांना वाटावी, अशी व्यवस्था आहे. छडीची प्रकरणेही त्यात आहेत, आणि शिक्षा शक्यतो टाळावी असे बजावलेले असले तरी ती आज वाचवत नाहीत. शिवाय या शाळा फक्त मुलग्यांच्या होत्या, हेही नमूद केले पाहिजे.

या मोफत शाळांमुळे पोट मारले जाते म्हणून पॅरिसमधील शुल्क घेऊन सुलेखन शिकवणाऱ्या शिक्षकांच्या संघाने १७०४ मध्ये त्यांना कोर्टात खेचले. फी देऊ शकणाऱ्यांची मुलेही ला साल फुकट घेतात, ही तक्रार खरीच होती, कारण दारात आलेल्या मुलाकडे ते गरिबीचा दाखला मागत नसत. निकाल त्यांच्या विरोधात गेला, दंडही झाला.

पोप बाराव्या पायस यांनी १९५० मध्ये ला साल यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, याचाही लेखात उल्लेख हवा होता. आपल्या शाळांतील शिक्षकांचा जो धार्मिक संघ त्यांनी उभारला, त्यातील कोणीही धर्मगुरू होऊ नये, सर्वांनी शिक्षकच राहावे, असा त्यांचा नियम होता. १७१७ मध्ये त्यांच्या जागी या संघातीलच ब्रदर बार्थेलमी यांची संघाचे प्रमुख म्हणून निवड झाली, आणि त्यानंतर १७१९ मध्ये रुआँ येथे मृत्यू येईपर्यंत, एकेकाळी शिक्षकांना नोकराहून खालचे समजणारे ला साल साध्यासाध्या गोष्टींसाठी एका शिक्षकाची परवानगी घेत राहिले.

आपला,
एक निवृत्त शिक्षक