एकट्याने बेंचवर आडवं होण्याआधी

प्रिय मित्रा,

कामाची वेळ बदलल्यामुळे तू आता रात्री उशिरा, जिम जवळपास रिकामी असताना जातोस, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. व्यायाम सुटला नाही याचा आनंद आहेच. पण बेंच प्रेसही (बेंचवर आडवं होऊन बार छातीवरून वर ढकलणं) एकटाच मारतोयस आणि वर वजन वाढवतोयस, याची काळजी वाटली.

तुला हे कधी बोललो नव्हतो. दोन वर्षांपूर्वी 70 किलो लावून मीही असाच एकटा बेंचवर होतो. सात रेप, म्हणजे सात वेळा बार खाली-वर, नीट झाले. आठवा अर्ध्यात अडकला आणि बार हळूहळू खाली येत छातीवर बसला. दोन्हीकडे प्लेटा धरून ठेवणाऱ्या क्लिपा घट्ट लावलेल्या. हाक मारायला गेलो तर श्वासच पुरेना. शेवटी बार पोटावरून लोटत मांड्यांपर्यंत नेला, तेव्हा कुठे उठून बसता आलं. पोटावरचा वळ चार दिवस गेला नाही. तोच बार गळ्यावर आला असता तर लोटायलाही वेळ मिळाला नसता.

म्हणून बेंच रॅकच्या, म्हणजे भोकं असलेल्या उभ्या खांबांच्या चौकटीच्या, आत घे आणि बाजूच्या आडव्या सेफ्टी दांड्या लावल्याशिवाय वजन चढवू नकोस. आधी नुसता 20 किलोचा बार घेऊन आडवा हो. पाठीला नेहमीची कमान दे, बार छातीला टेकव. दांड्या त्याच्या जेमतेम खाली हव्यात. आता कमान सोडून पाठ सपाट कर. छाती खाली जाते आणि बार दांड्यांवर विसावतो. मग बार गळ्याच्या वर आणून खाली सोडून बघ. गळ्याला टेकण्याआधी तो अडलाच पाहिजे. भोकांमधलं अंतर जास्त असेल तर एक भोक वरचंच धर, रेप बोटभर कमी झाला तरी चालेल. दोन्ही दांड्या सारख्याच भोकात आहेत ना, हे मोजून बघ. घाईत हीच चूक होते.

रॅक मोकळा नसेल त्या दिवशी डंबेल घे. साध्या बेंचवर बार घ्यायचाच झाला, तर क्लिपा लावू नकोस, म्हणजे अडकलास तर बार कलता करून प्लेटा खाली पाडता येतील. मात्र एका बाजूच्या पडल्या की दुसरी बाजू जोरात झटका देते, त्यामुळे हा अगदी नाइलाजाचा मार्ग आहे. वजन उतरवतानाही एकच बाजू पूर्ण रिकामी करू नकोस, बार उलटतो. आणि अंगठा बारभोवती गुंडाळलेलाच ठेव. नाहीतर बार तळव्यावरून निसटून थेट छातीवर येतो.

स्क्वॉटलाही (खांद्यांवर बार घेऊन बैठका) दांड्या हव्यातच, तुझ्या सगळ्यात खालच्या बैठकीच्या किंचित खाली. जमिनीवरून बार उचलायच्या डेडलिफ्टचं मला तेवढं भय नाही, नाही जमलं तर जमिनीवर ठेवता येतं.

एकटा असताना शेवटचा रेप खेचून काढायचा हट्ट सोड. एक-दोन रेप शिल्लक असतानाच बार ठेव. जास्तीत जास्त वजन आजमावायचं असेल तर कुणाला तरी मदतीला उभं कर, आणि 'मी म्हणेपर्यंत हात लावू नका, पण बार थांबला की लगेच उचला' असं आधीच सांगून ठेव. पुढच्या महिन्यात मी येतोय, तोपर्यंत थांबलास तर मीच उभा राहीन.

आज गेलास की रिकाम्या बारने एवढं करून बघ आणि दांड्या कितव्या भोकात बसल्या ते मला कळव.

तुझाच,
मित्र