‘गेलवार’मधील वाद धर्माचा नव्हे, धान्याचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांच्या ‘गेलवार’ (१९९२) या चित्रपटावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेखकाने त्यास ख्रिस्ती-मुस्लिम तेढीचा चित्रपट म्हटले आहे, ते मला अपुरे वाटते. गेलवार या ख्रिस्ती पुढाऱ्याचे प्रेत चुकून मुस्लिम गावच्या दफनभूमीत पुरले जाते आणि ते परत मिळवताना दोन गावे समोरासमोर उभी ठाकतात, हे खरे. परंतु ते निमित्त आहे. वाद पेटलेला आहे तो परदेशातून येणाऱ्या फुकटच्या धान्यावरून. त्या मदतीविरुद्ध गेलवार भर सभेत बोलतो आणि त्यापायीच त्याचा जीव जातो.

पण सेम्बेन यांनी त्याला देव्हाऱ्यात बसवलेले नाही. पलंगावर मांडलेल्या नवऱ्याच्या कपड्यांपुढे बसून त्याची विधवा जे बोलून घेते, तो प्रसंग मला साऱ्या चित्रपटात सरस वाटला. परक्याच्या धान्याला भीक म्हणणाऱ्या या माणसाच्या घराला आधार आहे तो डाकारमध्ये देहविक्रय करणाऱ्या मुलीच्या पैशाचा, आणि थोरला मुलगा फ्रान्सहून आला आहे तो आपण फ्रेंच असल्याच्या तोऱ्यात. बापाचा विचार घरातल्यांनाच किती जड गेला, हे लेखात यायला हवे होते.

शेवटी मदतीच्या धान्याची पोती तरुण पोरे रस्त्यावर रिकामी करतात आणि अंत्ययात्रा त्यावरून पुढे जाते. येथे मात्र माझे मन दिग्दर्शकाबरोबर गेले नाही. १९७२ च्या दुष्काळात आई-वडील खडी फोडायला जात आणि आम्ही भावंडे सुकडीची, म्हणजे दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या पौष्टिक खाऊची, वाट पाहत बसत असू. रेशनवर मिळणारी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आजोबा ‘जनावराचं खाणं’ म्हणून ताटातून सारीत आणि आजी ‘मग लेकरांना काय माती घालू?’ असे त्यांना ऐकवी. दोघेही खरेच बोलत होते. कामाच्या बदल्यात दाम देणारी रोजगार हमी योजना त्याच दुष्काळात राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, हे लक्षात घेतले म्हणजे गेलवारचे भाषण आपल्याला परके वाटत नाही. सांडलेले धान्य पाहून मात्र पोटात कालवते.

म्हणून एक विनंती. छत्रपती संभाजीनगरात भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या आयोजकांनी हा चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवावा आणि पुढे तो जिंतूर, भोकरदन, केज अशा तालुक्याच्या गावीही न्यावा. वोलोफ आणि फ्रेंच संवादांखाली इंग्रजी ओळी धावत असतील, तर बहात्तर साल पाहिलेली माणसे त्या वाचणार कशी?

आपला,
एक निवृत्त शिक्षक, परभणी