राजाश्रयाच्या आधीची दोनशे वर्षे

नाताळच्या पुरवणीतील लेखात ‘सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्म राजधर्म केला आणि मग तो पसरला’ असे विधान आहे. त्यात दोन गफलती आहेत. इ. स. ३१३ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याचा सहसम्राट लिसिनियस यांनी मिळून दिली ती उपासनेची मोकळीक. राजधर्माचा हुकूम निघाला ३८० मध्ये, सम्राट थिओडोसियसच्या काळात.

दुसरी गफलत मोठी. राजाश्रयाच्या दोनशे वर्षे आधीच हा धर्म गावोगावी पोचला होता. काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पोंटस प्रांताचा (आजचा उत्तर तुर्कस्तान) सुभेदार प्लिनी याने ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजनला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. शहरेच काय, खेडीपाडीही या पंथाने व्यापली, देवळे जवळजवळ ओस पडली होती, बळीच्या जनावरांच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासे झाले होते, असे तो कळवतो. (खाटकांचा धंदा बसला, म्हणजे प्रकरण गंभीरच!) ही मंडळी ठरावीक दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणत. अधिक माहितीसाठी प्लिनीने दोन दासींचा छळ केला. पंथात त्यांना ‘सेविका’ म्हणत, म्हणजे जबाबदारीचे स्थान गुलाम बायकांकडे होते. लेखात मात्र सगळे श्रेय सम्राटाला!

ट्रेजनचे उत्तरही वाचण्याजोगे आहे. या लोकांना मुद्दाम हुडकू नका आणि निनावी अर्जांची दखल घेऊ नका, ते आपल्या काळाला शोभत नाही, असे त्याने बजावले.

– एक वाचक, सातारा