हॉट रॉड इतकी महाग नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या मोटारींवरचा लेख इथे डेट्रॉइटजवळच्या घरी मोबाइलवर वाचला. फोटो उत्तम आहेत. पण लेखाच्या शेवटी अमेरिकेतल्या हॉट रॉडचा (जुन्या गाडीत जोरदार इंजिन बसवून केलेल्या वेगवान गाडीचा) उल्लेख करताना लेखकाने हा गर्भश्रीमंतांचा नाद ठरवून टाकला आहे आणि एकेका सुट्या भागाला हजारो डॉलर मोजावे लागतात असेही म्हटले आहे. पैसे फेकून तयार गाडी घेणारे इथेही आहेत, नाही असे नाही. पण ही सगळी भानगड सुरू झाली ती खिशात दमडी नसलेल्या पोरांपासून, आणि ती आजही स्वस्तात करता येते. गेली काही वर्षे मी तेच करतो आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो. वडील पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठी लागणारे वस्तूचे नमुने, बनवायचे, लाकडाचे. मी लेथवर हात बसवला, पुढे इकडे आलो, टूलरूममध्ये नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. माझ्याकडे १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए ची कूपे बॉडी आहे. तिच्यात मी १९५१ चे फोर्डचे व्ही-८ (इंग्रजी व्ही आकारात चार-चार मिळून आठ सिलिंडरचे) इंजिन बसवतो आहे: २३९ घनइंच, कारखान्यातून निघाले तेव्हा १०० अश्वशक्तीचे. म्हातारपणी हे काय खूळ, असे घरचे म्हणतात. त्यांचे खोटे नाही.

फोर्डने हे चपट्या हेडचे व्ही-८ इंजिन १९३२ मध्ये आणले. तोपर्यंत व्ही-८ म्हणजे बड्या लोकांची गाडी. सिलिंडरचे ब्लॉक बहुतेक वेळा वेगळे ओतायचे आणि क्रँककेसला (खालच्या क्रँकच्या घराला) बोल्टने जोडायचे. फोर्डने दोन्ही बाजूचे सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतीव ठोकळ्यात काढले आणि गाडीची किंमत पाचशे डॉलरच्या आत आणली. ज्याने फाउंड्रीत एकदा तरी कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) सरकलेला पाहिला आहे, त्याला ही किती मोठी हिंमत होती हे सांगायला नको. अमेरिकेत हे इंजिन १९५३ पर्यंत बनत राहिले. लाखोंनी निघाले, त्यामुळे भंगारात ते स्वस्तात मिळू लागले. मंदीच्या काळातल्या कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ते उचलले, जुन्या फोर्डचे मडगार्ड काढून फेकले आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर शर्यती लावल्या. १९३७ मध्ये त्यांची रीतसर संघटनाही झाली. व्हिक एडलब्रॉक हा गॅरेज चालवणारा मेकॅनिक. मनाजोगता इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणारा ओतीव भाग) मिळेना म्हणून त्याने स्वतःचा काढला. आज त्याच्या नावाची मोठी कंपनी आहे. बिल बर्कने तर १९४६ मध्ये लढाऊ विमानाची जादा पेट्रोलटाकी लष्कराच्या भंगारातून घेतली आणि तिचीच शर्यतीची बॉडी केली. यातला कुठला माणूस श्रीमंत होता?

आता माझ्या मॅनिफोल्डविषयी. मूळ इंजिनावर एक कार्ब्युरेटर असतो, मला स्ट्रॉम्बर्ग ९७ जातीचे दोन बसवायचे होते. दुकानात त्यासाठीचा नवा मॅनिफोल्ड काही शे डॉलरला मिळतो. मी तो घरी ओतला. टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल गरम तारेने कापून एकावर एक चिकटवला, जुन्या गॅस्केटवरून भोके आखली आणि हव्या त्या आकाराचा पॅटर्न केला. ॲल्युमिनियम थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न थोडा मोठा धरावा लागतो. वडिलांचा हिशेब मला तोंडपाठ आहे: बिडाला फुटामागे एक सूत (इंचाचा आठवा भाग), ॲल्युमिनियमला सव्वा सूत. मिशिगनमध्येही तोच चालला. थर्मोकोलला भिंतीला लावतात त्या लांबीचा (पुट्टीचा) पातळ काला आतून-बाहेरून फासून चांगला सुकवला आणि पत्र्याच्या पिंपात कोरड्या सुट्या वाळूत पुरला. पिंपाला बाहेरून ठोकत राहिले की वाळू आतल्या सगळ्या वाटांमध्ये आपोआप शिरते. त्यामुळे वेगळा कोअर करायला लागत नाही. लाकडी पॅटर्नवर हयात घालवलेल्या माणसाच्या मुलाला ही थोडी लबाडीच वाटते, पण आहे झकास. वरून वितळलेल्या धातूचा रस ओतला की थर्मोकोल जळून जातो आणि त्याची जागा धातू घेतो. धूर मात्र विषारी असतो, हे काम उघड्यावरच करायचे.

धातूसाठी जुनी ॲल्युमिनियमची चाके वितळवली. ती ओतीव मिश्रधातूची असतात, म्हणून रस चांगला पळतो. कोल्ड्रिंकचे डबे वितळवण्याच्या भानगडीत पडू नये. निम्मी मळीच निघते आणि त्या धातूचे ओतकाम धड होत नाही. चाक मॅग्नेशियमचे नाही ना, एवढे आधी बघायचे. ते पेटले तर पाण्याने विझत नाही, उलट भडकते. आणि रस काँक्रीटच्या फरशीवर सांडता कामा नये. काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ होऊन फरशी बंदुकीसारखी फुटते. मी खाली कोरडी वाळू पसरतो, पायात चामड्याचे बूट घालतो आणि नातवंडांना घरात कोंडतो.

ओतीव भाग वरून कितीही देखणा दिसला तरी आत भोके असू शकतात. मॅनिफोल्डला बारीक भोक असले की इंजिन तिथून हवा ओढते, मग कार्ब्युरेटर कितीही जुळवा, आयडलिंग लागत नाही. त्यासाठी उद्यमनगरातलीच जुनी युक्ती: बाहेरून खडूचा पातळ लेप द्यायचा, खालची तोंडे बंद करून आत घासलेट भरायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी खडू जिथे ओला दिसेल तिथे भोक. मला एका कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढा डाग दिसला. तेवढे कोरून वेल्ड भरला, मग बैठकीचे पृष्ठभाग फेस (सपाट) केले आणि शेवटचा हात जाड काचेवर एमरी पेपर अंथरून मारला. गॅस, वाळू, गोंद, एमरी सगळे धरून खर्च साठ डॉलरच्या आत. माझी मजुरी धरली तर दुकानातला मॅनिफोल्ड स्वस्त पडेल, हेही सांगून टाकतो. पण माझ्या मजुरीला आता गिऱ्हाईक कोण?

एक्झॉस्टचे हेडरही (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे) घरीच केले. या इंजिनाच्या प्रत्येक बाजूला चार सिलिंडर आणि धूर बाहेर पडायला तोंडे तीनच. मधल्या दोन सिलिंडरांना एकच तोंड. शिवाय तो धूर ब्लॉकमधून, पाण्याच्या जॅकेटला चिकटून बाहेर पडतो, म्हणून हे इंजिन तापण्यासाठी बदनाम आहे. हेडरला तीन सुतांची पट्टी फ्लँज (ब्लॉकला बोल्टने बसणारी बैठक) म्हणून घेतली. तिला नळ्या वेल्ड करताना ती केळ्यासारखी वाकते, म्हणून एका फुटक्या ब्लॉकवर बोल्टने आवळूनच वेल्ड केली आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडली नाही.

पण सगळेच घरी करायचे नसते. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, स्टिअरिंगचे सांधे, ब्रेक यांना मी हात लावत नाही. ४००० आरपीएमला पिस्टन मिनिटाला ८००० वेळा दिशा बदलतो, आणि तो सगळा हिसका रॉडवर येतो. ते भाग मी विकत घेतो आणि तिथे घासाघीस करत नाही. कोणी न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोचे नाव पुढे करील. त्याने १९२० च्या इंडियन स्काउट मोटरसायकलीचे पिस्टन डब्यांत ओतले, ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून रॉड घडवले आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर हजार सीसीच्या आतल्या गटात ताशी १८४ मैलांचा विक्रम केला. खरे आहे. पण त्याची इंजिने किती वेळा उडाली हेही बघा, आणि तो धावत होता मोकळ्या मिठावर. आपल्याला सिग्नलला थांबायचे असते, समोरून शाळेची बस येत असते.

महाराष्ट्रातल्या तरुण वाचकांनी हे वाचून आजोबांची मॉरिस कापायला घेऊ नये, एवढी विनंती. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करू देत नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमांचा लाभही ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांनाच मिळतो. इकडच्या जुन्या फोर्ड लाखोंनी होत्या, म्हणून कापल्या गेल्या. आपल्याकडे उरल्यात किती?

तरीही आपल्याकडच्या रॅलीत धावणाऱ्या त्या मूळ स्वरूपातल्या गाड्या हातच्या कामावरच जिवंत आहेत. कंपनी केव्हाच बंद पडलेली असते. पाण्याचा पंप कुणीतरी ओतलेला असतो, बुश कुणीतरी लेथवर काढलेले असते, व्हॉल्व्ह गाइड जुन्या मापाने कुणीतरी बसवलेले असते. आपल्या लेखात प्रत्येक फोटोखाली मालकाचे नाव आहे, त्याच्या आजोबांनी गाडी कुठल्या संस्थानिकाकडून घेतली तेही आहे. काम करणाऱ्या मेस्त्रीचे नाव एकाही फोटोखाली नाही. पुढच्या रॅलीच्या वेळी वार्ताहराला मालकाच्या बंगल्यावर पाठवाल तेव्हा त्या मेस्त्रीच्या गाळ्यातही पाठवा. खर्चाचा खरा आकडाही त्याला तिथेच मिळेल.

आपला,
एक जुना टर्नर
(मूळ कोल्हापूर, सध्या मिशिगन, अमेरिका)